छकुली, खुर्ची खाली ठेव

"मला कुठलाही वर्ग द्या. पोरं कितीही वांड असू देत, पाच मिनिटांत त्यांची मांजरं करून दाखवते," असं बाईने शुक्रवारी जेवताना सगळ्यांना ऐकवलं.

मामाने घास चावून संपवला आणि विचारलं, "आजवर किती पोरं शिकवलीस गं?"

बाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली ठेवलाच नाही. कारण खरं उत्तर होतं, एकही नाही.

तिला घरात सगळे बाई म्हणत, ते काही तिच्या पदवीमुळे नव्हे. मामाचं गाद्या-उशांचं दुकान होतं. लहानपणी सुट्टी लागली की ही तिथे उशांची रांग लावायची आणि त्यांना पाढे शिकवायची. एखादी कलंडली तर फूटपट्टीने झोडपायचीही. उशा उलट बोलत नसत, मधेच शूला जात नसत, शेजारच्या उशीचा खोडरबर गिळत नसत. त्यामुळे शिकवणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, हे तिच्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं.

पुढे ती शिक्षकीच्या कॉलेजात गेली. सराव पाठ घ्यायचे दिवस आले आणि नेमकी नेमून दिलेल्या शाळेत कांजिण्यांची साथ आली. शाळा बंद. पाठ तर घ्यायलाच हवेत, नाहीतर परीक्षा अडणार. मग कॉलेजने शक्कल लढवली. होणाऱ्या शिक्षकांनीच आळीपाळीने पोरं व्हायचं आणि एकमेकांकडून शिकून घ्यायचं. झालं, दाढीवाले बाप्ये गाल फुगवून बाकांवर बसायला लागले. कुणी बोबडं बोलायचं, कुणी वेणी ओढायचं, एकजण तर रोज डबा हरवल्याचं सांगून रडायचा, आणि इतका मन लावून रडायचा की प्राध्यापकांनी त्याला जादा मार्क दिले. बाई या प्रकारात पहिली आली. मोठं माणूस लहान झालं की त्याला वठणीवर कसं आणायचं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. खरं मूल मात्र तिने जवळून पाहिलं होतं ते फक्त घराच्या जिन्यात, आणि तेही तिला जीभ दाखवून पळालं होतं.

साधी शाळा तिला नको होती. तिचं मन बसलं होतं आंतरराष्ट्रीय शाळेवर. तिथे म्हणे वर्गात गालिचे असतात, घंटा होत नाही आणि फळ्यावर खडू करकरत नाही. अर्ज तिने ढिगाने केले. बहुतेकांनी दोन वर्षांचा अनुभव मागितला. अनुभव कुठे मिळतो असं तिने एकीकडे विचारलं, तर उत्तर आलं, शाळेत. एका शाळेने व्हिडिओवर मुलाखत घेतली. बाई अगदी ताठ बसून बालमानसशास्त्रावर बोलत होती, तोच पडद्याच्या कडेने आईचा हात आला आणि त्याने तिच्या पाठीमागे उशी खोचली. तेही चाललं असतं. पण बाबा कपाटाआड उभं राहून तिला "हस, हस" अशा खुणा करत होते. शेवटी मुलाखत घेणाऱ्याने अदबीने विचारलं की तुमच्या मागचे गृहस्थही उमेदवार आहेत का.

आता एकच शाळा उरली होती. त्या शाळेने शनिवारी प्रत्यक्ष बोलावलं होतं, नमुना पाठ घ्यायला. आणि मामाने जेवता जेवता निकाल देऊन टाकला. इथे जमलं नाही तर सोमवारपासून दुकानात यायचं. गल्ल्याजवळ स्टूल रिकामंच होतं.

"तिथे निदान माणसं आपणहून आडवी होतात," मामा म्हणाला. "तुझ्या शिकवण्याने व्हायची ती दुकानात होऊ देत."

बाईला ते स्टूल डोळ्यांपुढे दिसलं. दिवसभर त्यावर बसायचं आणि येणाऱ्या जाणाऱ्याला म्हणायचं, काका, झोपून बघा ना. तिला घास गोड लागेना.

जेवण झाल्यावर तिने ताईला फोन लावला. ही ताई कॉलेजात तिच्या एक वर्ष पुढे होती आणि असल्याच एका शाळेत चिकटली होती. ताईने सल्ला दिला तो सोन्याचा. त्या शाळांमध्ये पाठ बघायला खरी मुलं आणत नाहीत, मुलाखत घेणारेच मुलं होऊन बसतात. आपल्या कॉलेजसारखंच. त्यात जो सगळ्यांत वात्रट असेल तो हेड समजायचा. त्याला साहेब, सर, मॅडम काही म्हणायचं नाही, बिनधास्त झापायचं. जो हेडला झापेल त्याची नोकरी पक्की.

"आणि हे बघ," ताई म्हणाली, "तिकडे पुढाकार बघतात. हाक मारायची वाट बघत बसलीस की संपलीस."

बाईला इतकी शांत झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती.

शनिवारी मामाने तिला टेम्पोतून सोडलं. मागे गाद्या रचलेल्या होत्या, त्याच रस्त्यावर पुढे कुणाकडे तरी पोचवायच्या होत्या. तुझं होईपर्यंत थांबतो, तो म्हणाला, आणि स्टूलही पुसून ठेवलंय हे सांगायला विसरला नाही.

शाळेचं फाटक उंच, काळं आणि असं चकचकीत की बाईने त्यात केस नीट केले. त्याला कडी नव्हती, कुलूप नव्हतं, काहीच नव्हतं. बाजूला एक पहारेकरी तोंड पाडून उभा होता. बाईने आत कसं जायचं विचारलं, तर त्याने फाटकावरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"माझी किल्ली काढून घेतली हो," तो म्हणाला. "आता हे मोठ्या साहेबांच्या फोनवरून उघडतं. शाळेचे मालक ते. कुठेही बसलेले असू देत, फोनवर बोट फिरवलं की हे उघडतं. आम्ही नुसते सलाम ठोकायला."

फाटक आपोआप सरकलं. पहारेकऱ्याने सलाम ठोकला. बाई आत गेली आणि फाटक मागे बंद झालं.

सुट्टीचा दिवस असल्यामुळे शाळा शांत होती. भिंतींवर मुलांनी काढलेले बेडूक आणि सूर्य काचेच्या चौकटीत लावले होते, आणि एका चौकटीत नुसताच डाग होता, त्याच्याखाली "भावना" असं लिहिलं होतं. कुठेतरी लायब्ररीत सुतार ठोकत होता. स्वागताच्या टेबलामागची मुलगी एका कानाला एक आणि दुसऱ्या कानाला दुसरा फोन लावून बसली होती. तिने बसायची खूण केली आणि वर्ग तयार झाला की बोलावते असं सांगितलं.

बाई ढगाच्या आकाराच्या कोचावर बसली आणि त्यात कमरेपर्यंत रुतली. बराच वेळ झाला. हातांना घाम फुटला म्हणून ती हात धुवायला उठली, आणि जाता जाता एका काचेच्या खोलीपाशी तिचे पाय थबकले.

आत गालिचा, रंगीत ठोकळे, आणि बुटक्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसलेली मोठी माणसं. प्रत्येकाच्या छातीवर गोल कागद चिकटवलेला. सुटाबुटातल्या काटकुळ्या माणसाच्या छातीवर "पिंट्या". सोनेरी चष्म्यातल्या बाईंच्या छातीवर "ठमी". एका टकल्या गृहस्थांच्या छातीवर "बबडू". आणि मागच्या बाजूला, दोन्हीकडून हात असलेल्या खुर्चीत कसेबसे कोंबून बसलेले, पांढऱ्या झुबकेदार मिशांचे एक धिप्पाड आजोबा. त्यांच्या छातीवर "छकुली".

बाईच्या अंगावर आनंदाने काटा आला. वर्ग तयार होता. आणि बोलावणार नव्हतेच कुणी, पुढाकार बघत होते.

तिने दार उघडलं आणि दोनदा टाळी वाजवली. "नमस्ते, मुलांनो."

मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग सोनेरी चष्मेवाल्या बाई ताडकन उठल्या, हात जोडले आणि सुरात म्हणाल्या, "न-म-स्ते बा-ई." बाकीचे धडपडत उठले आणि त्याहून मोठ्याने म्हणाले. बाईच्या मनात जी काही तीळभर शंका होती ती तिथेच विरली. कॉलेजात याहून वाईट अभिनय करून लोक पास झाले होते.

आजोबांचं मात्र लक्ष नव्हतं. ते मांडीवर काहीतरी लपवून बोट फिरवत होते. बाई मनात म्हणाली, हाच तो हेड.

"छकुली, काय आहे हातात?"

"काही नाही, जरा फाटक…"

"फाटकाचं फाटकापाशी. वर्गात फोन? आण इकडे. तास संपला की मिळेल."

आजोबांनी फोन दिला. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या हातातून कुणी काही काढून घेतलं नसावं, असा त्यांचा चेहरा झाला होता. बाईने फोन जाकिटाच्या खिशात टाकला आणि वर्गावरून नजर फिरवली. सगळे चिडीचूप. पाच मिनिटंही लागली नव्हती.

आजचा धडा होता, बी कसं रुजतं. तिने बी म्हणजे काय ते विचारलं, तर इतके हात वर झाले की पिंट्याचा हात ठमीच्या चष्म्याला लागला. ठमीने त्याचा हात खाली दाबला. पिंट्या लगेच उठून म्हणाला, "बाई, ही दुसऱ्याला बोलू देत नाही." बाईला त्याचं कौतुकच वाटलं. अगदी असंच चुगली करतात, आवाजसुद्धा नाकातून काढला होता.

"आमची ठमी सगळं स्वतःचं स्वतः करते," ठमी घाईघाईने म्हणाली. "दूधसुद्धा न सांगता पिते."

"स्वतःबद्दल बोलताना आमची ठमी म्हणायचं नाही," बाईने समजावलं. "मी म्हणायचं. म्हण बघू."

ठमी उठून उभी राहिली. "मी दूध न सांगता पिते."

"शाब्बास."

बबडूच्या कपाळावर घाम आला होता. त्याने हळूच शेजारच्याला विचारलं की आपल्याला दुधाबद्दल का नाही विचारलं.

मग बाईने सगळ्यांना बी व्हायला सांगितलं. खाली बसा, डोकं गुडघ्यांत घाला, डोळे मिटा. तुम्ही मातीत आहात. अंधार आहे. सुटाबुटातली माणसं गालिच्यावर उकिडवी बसली. बबडूचे गुडघे फटाक्यासारखे वाजले. बाई त्यांच्यामधून फिरत होती आणि सांगत होती की बी लगेच उगवत नाही, धीर धरायचा, पाणी हवं, ऊब हवी. ठमीने एक डोळा उघडून पिंट्या किती खाली वाकलाय ते बघितलं आणि स्वतः त्याच्याहून खाली वाकली.

"आता हळूहळू उगवा."

सगळे उगवले. छकुलीही उगवली, पण खुर्चीसकट. खुर्चीचे दोन्ही हात आजोबांच्या कमरेत असे रुतले होते की खुर्ची मागे शेपटासारखी आडवी झाली. वर्गात कुणी हसलं नाही. हसावं की नाही, याचेही मार्क असतील असं प्रत्येकाला वाटत होतं.

बाई मात्र ओळखून होती. वात्रटपणाची परीक्षा सुरू झाली होती.

"छकुली, खुर्ची खाली ठेव."

"निघत नाही."

"बसताना बरी बसली. नाटकं पुरे."

"खरंच निघत नाही हो."

"हो कुणाला म्हणतेस? बाई म्हणायचं."

"निघत नाही हो, बाई," आजोबा लाल होत म्हणाले.

"मग जा, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहा. कशी काढायची ते आपोआप सुचेल."

आजोबा वळले, वळताना खुर्चीने ठोकळ्यांचा मनोरा पाडला, आणि कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. बाईला वाटलं, आत्ताच्या आत्ता मामाला फोन करावा आणि म्हणावं, त्या स्टुलावर स्वतः बस.

तेवढ्यात दार उघडलं. दारात एक सडपातळ बाई कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या, मागे आणखी दोघं. त्यांनी वर्गाकडे बघितलं, उगवलेल्या झाडांकडे बघितलं, आणि मग त्यांची नजर कोपऱ्यावर गेली. हातातला कप हळूहळू कलंडला आणि कॉफी गालिच्यावर सांडत राहिली. त्यांना पत्ताच नव्हता.

"साहेब?" त्या म्हणाल्या.

"मॅडम, जरा थांबा," कोपऱ्यातून आवाज आला. "अजून तास संपला नाही."

बाईच्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं, तोंडचं पाणी पळालेल्या माणसाला कळतं तसं. दारातल्या बाई प्रिन्सिपल होत्या. मागचे दोघं तिचा पाठ बघणार होते. खोलीत बसलेले मुलाखत घेणारे नव्हतेच, मुलांच्या प्रवेशासाठी आलेले पालक होते. पालकांना मुलांच्या उंचीवरून जग दिसावं म्हणून ही शाळा त्यांना बुटक्या खुर्च्यांवर बसवत असे, आणि छातीवर लावायला मुलाचं लाडकं नाव देत असे. बाई टाळी वाजवत आली तेव्हा प्रत्येकाला वाटलं की प्रवेशाची परीक्षा हीच. आणि छकुली ही ज्यांची नात, ते कोपऱ्यातले आजोबा म्हणजे शाळेचे मालक, मोठे साहेब. नातीच्या प्रवेशासाठी मलाही सगळ्यांसारखंच बसवा, कसली सवलत नको, असा हुकूम त्यांनीच सोडला होता.

"म्हणजे हे सगळं धरणार नाहीत?" ठमीच्या आईने विचारलं. तिच्या आवाजात रडू होतं. "मी तर दुधाचंही सांगितलं."

आपण मोठ्या साहेबांना "उभी राहा" म्हणालो, हे तिच्या डोक्यात घंटेसारखं वाजत होतं, आणि या शाळेत घंटा नव्हती. तिने पिशवी उचलली. प्रिन्सिपल मॅडमनी तिचा दंड धरला.

"कुठे निघालात? मुलं कधीची येऊन बसलीयेत शेजारच्या खोलीत. शिक्षकांची, शेजारची, खास तुमच्या पाठासाठी गोळा केलीत. माझ्याकडे माणूस नाही. सुतार येईपर्यंत मला साहेबांपाशी थांबावं लागेल. तुम्ही आत जा. काहीही करा, पण जा."

"खरी मुलं?" बाई म्हणाली.

"मग काय प्लास्टिकची?"

बाई आत गेली आणि दार मागे बंद झालं.

खरी मुलं तिने कल्पना केली होती तशी नव्हतीच. कुणी गाल फुगवले नव्हते, कुणी बोबडं बोलत नव्हतं. एक मुलगी टेबलाखाली बसून टेबलाशीच बोलत होती. दोन मुलं एकाच सदऱ्यात शिरली होती आणि आता त्यांना बाहेर यायचं होतं. एकजण नुसता गोल गोल पळत होता, चेहऱ्यावर कसलाही भाव न ठेवता, जणू त्याला ते कामच दिलं होतं. बाईने दोनदा टाळी वाजवली. कुणी ढुंकून बघितलं नाही. तिने नमस्ते म्हटलं. पळणाऱ्याने पळता पळता तिच्या पायावर पाय दिला. कॉलेजात शिकलेले सगळे उपाय तिने एकापाठोपाठ करून पाहिले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग समोरचे दात पडलेली एक चिमुरडी जवळ आली आणि तिने बाईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू थरथरतेस का?"

"नाही."

"थरथरतेस. तुला रडू येतंय?"

बाईला रडू येत होतं. ते दिसू नये म्हणून ती घाईने म्हणाली, "आपण बी होऊ या," आणि कुणी व्हायच्या आत स्वतःच गालिच्यावर उकिडवी बसली, डोकं गुडघ्यांत घातलं आणि डोळे मिटले. निदान तिथे अंधार होता. तिथूनच, दबक्या रडव्या आवाजात, तिने पाठ केलेला धडा म्हणून टाकला. बी मातीत असतं. बी लगेच उगवत नाही. धीर धरायचा. पाणी हवं.

पळणारे पाय थांबले. मग झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि तिच्या मानेवर गार पाण्याची धार पडली.

बाईने उठायचा प्रयत्न केला. एका ओल्या पंज्याने तिचं डोकं परत खाली दाबलं.

"इतक्यात नाही," दातपडकी म्हणाली. "लगेच उगवत नाही."

आता आणखी झाकणं उघडली. प्रत्येकाच्या गळ्यात पाण्याची बाटली होती आणि प्रत्येकाला बियाला पाणी घालायचं होतं. कुणी डोक्यावर घातलं, कुणी पाठीवर, आणि टेबलाखालच्या मुलीने नीट विचार करून जाकिटाच्या खिशात घातलं, कारण तिथे मुळं असणार. बाई हललीच नाही. उठून करायचं काय, बाहेर कोपऱ्यात मोठे साहेब होते आणि फाटकाबाहेर मामा. ती तशीच बसून राहिली, आणि तिच्याभोवती सगळी पोरं गोल करून उकिडवी बसली आणि टक लावून बघायला लागली. सदऱ्यातली दोघंसुद्धा एकाच गळ्यातून दोन डोकी काढून बघत होती. बी कधी उगवतंय, याची वाट बघत कुणी श्वास मोठ्याने घेत नव्हतं.

प्रिन्सिपल मॅडम नेमक्या तेव्हाच काचेपाशी आल्या.

त्या किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांच्याबरोबरच्या दोघांतला एकजण भराभर लिहीत होता. शेवटी बाईला वाटलं, आता गुडघे मोडतील, म्हणून ती हळूहळू उभी राहिली, केसांतून पाणी निथळत, आणि पोरांनी अशी किंकाळी फोडली की लायब्ररीतली एक फळी खाली आली.

मॅडमनी दार उघडलं. त्यांचे डोळे भरून आले होते. अशी शांतता या इमारतीत आजवर झाली नाही, त्या म्हणाल्या. शिक्षिकेने काही शिकवलंच नाही, ती स्वतःच धडा झाली, मोठमोठ्या शिबिरांत आम्ही हेच ऐकतो पण करून कुणी दाखवत नाही. लिहिणाऱ्याने विचारलं की ही पद्धत कोणत्या देशातली. बाईचे दात वाजत होते, त्यामुळे ती काही बोलली नाही, आणि तो नम्रपणा समजला गेला.

आता फक्त मोठे साहेब उरले होते. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं, आणि ते शेपूट म्हणजे खरोखरची खुर्ची होती. सुताराने करवतीने ती कापून काढली होती. साहेब आले तेव्हा त्यांच्या कमरेला खुर्चीचा एक हात अजून लोंबत होता. बाईने मान खाली घातली आणि मनातल्या मनात स्टुलावर जाऊन बसली.

साहेबांनी मिशी पिळली. "मला कुणी गप्प उभं राहा म्हटल्याला जमाना झाला," ते म्हणाले. "कोपऱ्यात बरं वाटलं. तिथे कुणी सही मागायला येत नाही. सोमवारपासून या, बाई."

बाईला आधी वाटलं, कानात पाणी गेलंय. मग मॅडमनी तिचा ओला हात हातात घेऊन हलवला, ठमीच्या आईने टाळ्या वाजवल्या आणि पिंट्याच्या बाबांनी तिच्याहून जोरात वाजवल्या. नोकरी लागली होती. गालिच्यांची, बिनघंटेची, आंतरराष्ट्रीय नोकरी. बाईला हसू फुटलं, आणि बाबांनी कपाटाआडून खुणा करूनही फुटलं नव्हतं इतकं मोठं फुटलं.

"तास संपला ना?" साहेबांनी हात पुढे केला. "मग माझा फोन द्या. सगळ्यांना घरी जायचंय, फाटक उघडतो."

बाईने खिशात हात घातला. फोन बाहेर काढला तेव्हा त्याच्यातून पाणी गळालं. साहेबांनी तो हलवला, फुंकला, मिशीला पुसला. काळ्या काचेत फक्त त्यांचाच चेहरा दिसत होता.

मागचं दार पोहण्याचा तलाव बांधायचा म्हणून विटांनी बुजवलं होतं. फाटक बसवणारी कंपनी शनिवारी फोन घेत नव्हती. सुतार म्हणाला, फाटक तोडतो, पण साहेबांना ते नवंकोरं फाटक तोडवेना. शेवटी सुताराची शिडी आतून भिंतीला लावली. पलीकडे कसं उतरायचं, हा प्रश्न होता. बाईने शिडीवर चढून बाहेर डोकावलं, तर खाली टेम्पोत मामा घोरत होता, गाद्यांच्या ढिगाला टेकून.

मामाला उठवून सगळं समजावेपर्यंत बाईचा घसा बसला. शेवटी त्याने भिंतीखाली गाद्या अंथरल्या आणि वरच्यांना बजावलं की माल गिऱ्हाइकाचा आहे, चपला काढून उड्या मारा.

बाईने सगळ्यांची रांग लावली, उंचीप्रमाणे, हाताची घडी घालून. सगळे निमूटपणे उभे राहिले. पोरं आधी उतरली, त्यातल्या काहींनी परत वर येऊ द्या म्हणून हट्ट धरला. मग पालक. ठमीच्या आईने उडी मारली आणि तिथेच पडल्या पडल्या मामाला विचारलं की ही मऊ आहे की मध्यम. मध्यम, मामा म्हणाला, कमरेला चांगली. साहेबांना चौघांनी वर ढकललं आणि ते गादीवर पडले तो आवाज ऐकून पहारेकऱ्याने सलाम ठोकला. मग मॅडम आणि उरलेली माणसं उतरली. सुतार भिंतीवर चढला, शिडी ओढून घेतली, बाहेर टाकली, स्वतः उतरला आणि ती खांद्यावर घेऊन चालायला लागला. शिडी त्याची होती.

बाई मुद्दाम शेवटी थांबली होती. वर्ग पूर्ण बाहेर पडल्याशिवाय शिक्षिकेने निघायचं नसतं, हे तिच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. सुतारानंतर तिची पाळी म्हणून ती आधीच भिंतीवर शाळेकडे तोंड करून बसून होती, ओले केस वाळवत, सोमवारी काय शिकवायचं याचा विचार करत.

मामाला खाली कुणीतरी सांगितलं की तुमच्या भाचीला नोकरी लागली. त्याने हिशेब केला, नोकरी लागली म्हणजे ती आता शाळेतच थांबणार. गिऱ्हाइकाचे फोनावर फोन येत होते. त्याने गाद्या झटकल्या, टेम्पोत भरल्या, दोरी बांधली आणि निघून गेला.

बाई उडी मारायला वळली तेव्हा खाली नुसता रस्ता होता. पहारेकऱ्याने सलाम ठोकला.